दाद द्यावी, पण कशी?

मराठीत 'दाद' हा मोठा गमतीचा शब्द आहे. कोर्टात जाणारा माणूस दाद मागतो आणि मैफलीत बसलेला माणूस दाद देतो. हट्टी मूल आईच्या धाकाला दाद देत नाही, जुनाट खोकला वैद्याच्या काढ्याला दाद देत नाही, आणि कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या तरी गरिबाची दाद लागत नाही. एकाच शब्दाला आपण एवढ्या ठिकाणी राबवतो, पण त्याचा मूळ अर्थ काय, हे सहसा कुणी विचारीत नाही. आमचा धंदाच शब्दांची उलटतपासणी करण्याचा असल्यामुळे मी ती केली. शब्द फारसीतून आलेला आहे आणि फारसीत दाद म्हणजे न्याय. फिर्यादीला हवा असतो तो न्याय, आणि गवयाला हवा असतो तोही न्यायच. गाणाऱ्याने जे केले ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले, एवढा निकाल त्याला आपल्या तोंडून ऐकायचा असतो.

आता या कसोटीवर आपली रोजची दाद लावून पाहा. गाणे संपते, टाळ्या होतात, आणि मग मंडळी गाणाऱ्याभोवती जमून म्हणतात, "छान झालं हं!" हे 'छान' आपण साडीला वापरतो, भरताला वापरतो, शेजाऱ्यांच्या नव्या फर्निचरलाही वापरतो. न्यायाधीशाने निकाल देताना नुसते "छान" म्हटले, तर वादी आणि प्रतिवादी दोघेही घरी जाऊन डोके धरून बसतील! गाणाराही तसाच बसतो. फक्त तो हसून "धन्यवाद" म्हणत असल्यामुळे आपल्याला ते कळत नाही.

आमच्या जळगावात एका कॉलनीत कोजागिरीला गच्चीवर दूध आटवण्याची पद्धत आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका वहिनींनी आग्रहाखातर एक नाट्यपद म्हटले. लग्नापूर्वी त्या रीतसर शिकलेल्या. मधली पंधरा वर्षे पोळपाट-लाटण्यात गेलेली. पद त्यांनी मोठ्या हिमतीने म्हटले. दोन-तीन जागा तर अशा घेतल्या की, दुधाची पातेली ढवळणारा हातही क्षणभर थांबला. मग दाद सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, अगदी रेडिओसारखं!" दुसरे म्हणाले, "मला गाण्यातलं काही कळत नाही, पण बरं वाटलं." एक काकू म्हणाल्या, "अगं, तू क्लास का नाही काढत? घरबसल्या चार पैसे मिळतील." आणि ज्यांना गाण्यातले थोडेफार कळते असा लौकिक होता, ते सद्गृहस्थ म्हणाले, "चांगलं होतं, पण हेच पद अमक्या बाईंचं ऐका एकदा. काय ती फिरत!" यांतल्या एकाच्याही मनात वाईट नव्हते. परंतु पुढच्या कोजागिरीला वहिनी आल्या, दुधात केशर घातले, सगळ्यांना पेले भरून दिले आणि गाण्याचा विषय निघताच पेले विसळायला खाली निघून गेल्या. त्यानंतर त्या गायल्याचे मला ठाऊक नाही.

चुकीच्या दादेने माणसाचे गाणे थांबते, म्हणून हा विषय मला दिवाळी अंकाच्या पानांइतका महत्त्वाचा वाटतो. व्यासपीठावरच्या नामवंताला आपल्या एका 'वाहवा'ची फारशी वाण नसते. घरात, गल्लीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि हळदीकुंकवात जे गातात, त्यांचे गाणे मात्र आपल्या एका वाक्यावर तरते किंवा बुडते.

त्या गच्चीवरच्या चारी अभिप्रायांत एक दोष समान होता. ते गाण्याविषयी नव्हतेच. एक रेडिओविषयी होता, एक बोलणाऱ्याच्या अज्ञानाविषयी, एक पैशांविषयी आणि एक दुसऱ्याच बाईंविषयी. वहिनींनी त्या रात्री काय केले, याबद्दल चकार शब्द कुणी काढला नाही. फिर्याद एकीची आणि निकाल भलत्याच खटल्याचा!

मैफलीतले जुने श्रोते या बाबतीत फार शहाणे होते. शास्त्रीय गाण्यात तालाचे एक आवर्तन असते. तीनतालाच्या मात्रा सोळा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर काल, म्हणजे खाली. पहिली मात्रा ती सम. गवई स्वरांची कितीही गुंतागुंत करो, त्याला फिरून समेवर यायचे असते. विलंबित ख्यालात एका आवर्तनाला कधीकधी मिनिटभर लागते. तेवढा वेळ गवई दोरीवर चालत असतो, आणि जाणता श्रोता खालून श्वास रोखून त्याच्याबरोबर चालत असतो. समेवर दोघे एकदम उतरतात, श्रोत्याची मान आपोआप हलते आणि तोंडून 'आहा' निघून जाते. तो 'आहा' म्हणजे "मी सगळा वेळ तुमच्याबरोबर होतो" याची पोचपावती असते. हाच 'आहा' आलापाच्या मध्यावर, स्वर अजून स्थिरावतो आहे तोवर, शेजाऱ्याला ऐकू जावा म्हणून काढला, तर त्याची पावती दुसऱ्याच कुणाच्या नावे फाटते.

बैठकीतले दादेचे शब्द पाहा: वाहवा, क्या बात है, जियो, सुभानल्ला. एकही शब्द लांबलचक नाही. गाणे चालू असताना भाषण करता येत नाही, म्हणून हे शब्द सुपारीच्या खांडासारखे आटोपशीर झाले. टाळ्या त्यामानाने नव्या. टाळी शेवटी वाजते आणि सगळ्या गाण्याची मिळून एकच वाजते; 'क्या बात है' त्या एका जागेपुरते असते. गवयाला नेमकी कुठली जागा पोहोचली, हे टाळीवरून समजत नाही. 'क्या बात है'वरून समजते.

संगीत नाटकांनी यात 'वन्स मोर'ची भर घातली. ही दाद मोठी जबरदस्त, पण तिचा खर्च गाणाऱ्याच्या गळ्यावर पडतो. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा 'वन्स मोर' पडायचे आणि नाटक रात्रभर लांबायचे. आजही ज्येष्ठ गायकाने भैरवी संपवून तंबोरे खाली ठेवले की, मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास फर्माईश करतो. त्या वेळी ध्यानात ठेवावे की, जेवण उत्तम झाले असे सांगण्याचा एकमेव मार्ग आणखी दोन पोळ्या मागणे हा नव्हे.

या साऱ्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात 'सिद्धी' नावाचा एक विषय येतो. प्रयोग यशस्वी झाला हे प्रेक्षकांवरून कसे ओळखावे, याचा तो हिशेब आहे. भरताने सिद्धीचे दोन प्रकार केले, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धीत प्रेक्षक स्मित करतात, मोठ्याने हसतात, 'साधु' म्हणतात, 'अहो' म्हणतात, करुण प्रसंगी 'कष्टम्' म्हणतात. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात, ते आसनावरून उठतात, अंगावरची वस्त्रे आणि बोटातल्या अंगठ्या काढून देतात. म्हणजे आपले 'वाहवा', आपले उभे राहून टाळ्या वाजवणे आणि तमाशातली दौलतजादा, या सगळ्यांचे पूर्वज तिथे हजर आहेत. आणि दैवी सिद्धी कोणती? रंगमंडप भरलेला आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कसले विघ्न नाही, ती दैवी. भरगच्च सभागृहाची शांतता ही भरताच्या मते देवांनी दिलेली दाद! हल्ली गाणे सुरू होताच निम्मे हात मोबाईल घेऊन वर जातात आणि उरलेल्या निम्म्यांतल्या कुणाचा तरी मोबाईल वाजतो. भरतमुनी आज आले, तर आम्हाला मानुषी सिद्धीत तरी बसवतील की नाही, याची शंकाच आहे.

महाराष्ट्राने दादेचा एक खास स्वतःचा प्रकार काढला आहे, तो म्हणजे नाव देणे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्या जळगावशी बांधलेले आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ सालचा. लहानपणी हा मुलगा काही काळ जळगावात होता आणि इथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याला गाण्याची तालीम मिळाली. पुढे पुण्यात दहा-अकरा वर्षांच्या या पोराचे गाणे लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले, ही हकीकत मराठी घरांत सर्वांना तोंडपाठ आहे. टिळकांची कीर्ती गणिताची, गीतेची आणि राजकारणाची. गाण्याचे जाणकार म्हणून कुणी त्यांचे नाव घेत नाही. "मला गाण्यातलं काही कळत नाही" असे म्हणून दादेची जबाबदारी झटकणाऱ्यांनी हे पाहावे. टिळकांनी रागाचे नाव सांगितले नाही, श्रुतींची चर्चा केली नाही. मुलाच्या वयाचे आणि गळ्याचे मिळून जे वाटले, त्याला एक शब्द दिला. तो शब्द जन्मभर पुरला. १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९६७ साली ते गेले, आणि अजूनही जळगावात जानेवारीच्या थंडीत त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो.

मात्र एकदा असे नाव चलनात आले की लोक त्याचीच मोडतोड करून सुटे पैसे करतात. रामभाऊ कुंदगोळकर यांचे गाणे ऐकून अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले. सौदागर गोरे 'छोटा गंधर्व' झाले. शिवपुत्र कोमकळी लहानपणीच 'कुमार गंधर्व' झाले. हे सगळे एवढे थोर निघाले की नावाला त्यांच्यामुळे शोभा आली. रामभाऊंच्या नावाने तर १९५३ पासून पुण्यात महोत्सव होत आला आहे. पण 'सवाई' आणि 'छोटा' या शब्दांत मोजपट्टी आहे, हे नाकारता येत नाही. थोरांना ती मोजपट्टी पेलते. शाळेतल्या मुलीला मात्र "ही आमची छोटी लता" म्हणणे हे तिच्या खांद्यावर हत्ती बसवण्यासारखे आहे. दुसरी लता होणे तिला शक्य नसते, आणि ती स्वतः जी होऊ शकली असती तिच्याकडे कुणी पाहत नाही. ज्यात दुसऱ्या गाणाऱ्याचे नाव येते ती दाद, कितीही गोड असली तरी, अर्धी त्या दुसऱ्याला जाते.

जळगावला सराफबाजार मोठा. इथल्या सोन्याच्या शुद्धतेची वाखाणणी दूरवर होते आणि लग्नसराईत बाहेरगावची माणसे मुद्दाम इथे येतात. जुना सराफ दागिना पाहून "छान" म्हणत नसे. तो काळ्या कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढायचा, ती उजेडात धरायचा आणि मग कस सांगायचा. बावनकशी म्हणजे अगदी निर्भेळ सोने. हा सराफी शब्द मराठी साहित्यात अजरामर झाला तोही जळगावच्याच एका बाईंच्या गाण्यांमुळे.

बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आल्या, ऐन तिशीत वैधव्य आले, आणि शेतात, घरात, जात्यावर आयुष्य गेले. अक्षरओळख नव्हती. कामे करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि म्हणत. त्यांची गाणी कानांवर पडणाऱ्यांत शेजारणी असतील, पोरेसोरे असतील, शेतातल्या मजूर बाया असतील. त्यांतल्या कुणी काय दाद दिली, याची नोंद कुठे नाही. कामाच्या धबडग्यात म्हटलेल्या गाण्याला थांबून दाद द्यायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. पण घरातल्या दोघांनी एक गोष्ट केली. मुलगा सोपानदेव, जे पुढे कवी म्हणून नावारूपाला आले, आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी यांतली काही गाणी जशी कानी पडतील तशी कागदावर उतरवून ठेवली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणजे दाद देण्यात आणि वाभाडे काढण्यात सारखेच सढळ. त्यांनी ही गाणी ऐकून ते बावनकशी सोने असल्याचा निर्वाळा दिला आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असेही बजावले. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी घरोघरी गेली. पाठ्यपुस्तकांत गेली. २०१८ साली इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, आणि पाटी-पेन्सिल न धरलेल्या बाईंच्या नावाने आज हजारो मुलांना पदव्या मिळतात.

एवढी मोठी दाद मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. तिच्यातले एक अक्षरही बहिणाबाईंच्या कानी पडले नाही. एक वर्ष आधी ही वही अत्र्यांच्या हाती पडती तर, असा विचार जळगावकराच्या मनात कधी ना कधी येतोच. पण थोडे थांबून पाहिले की वाटते, त्यांना खरी दाद आयुष्यात मिळाली होती. आपण सहज म्हटलेले गाणे मुलगा हातचे काम सोडून लिहून घेतो आहे, हे त्यांनी पाहिले होते. अत्र्यांनी सोन्याचा कस सांगितला, पण ते सोने मातीत मिसळू न देण्याचे काम घरच्या दोघांनी आधीच केले होते. सोपानदेव लिहिते ना, तर अत्र्यांनी दाद कशाला द्यायची होती?

हा लिहून ठेवण्याचा प्रकार खानदेशाच्या पाण्यातच असावा. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून त्यांनी 'स्त्रीजीवन' या नावाने छापल्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि अठरा अध्यायांची ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी शब्दशः उतरवून घेतली. विनोबांच्या बोलण्याला तुरुंगात टाळ्या पडल्या की नाही, याची आज कुणाला फिकीर नाही. गुरुजींच्या लेखणीमुळे 'गीताप्रवचने' हे पुस्तक उभे राहिले. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ संप्रदायाची जुनी बाडे सांभाळणारे वाग्देवता मंदिर आहे. दुसऱ्याचा शब्द नीट ऐकणे आणि तो जसाच्या तसा जपणे, ही दाद देण्याची आमच्याकडची थोर परंपरा आहे.

गेल्या काही वर्षांत मी ती वर्गात वापरून पाहिली. लोकगीतांचा पाठ आला की मी विद्यार्थ्यांना सांगतो, पुस्तकातले राहू द्या. घरी जा, आजीला किंवा आत्याला गाणे म्हणायला लावा आणि लिहून आणा. आमच्याकडे गाण्यांना तोटा नाही. श्रावणात कानबाईची गाणी, भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाईची, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची, आणि लग्नातली तर रात्रभर. अमळनेरकडची एक विद्यार्थिनी आजीसमोर वही घेऊन बसली, तेव्हा आजी हसून म्हणाली, "कसाले लिही ऱ्हायनी व माय? मना गाना काय पुस्तकमा छापाना शेतस का?" मुलगी काही बोलली नाही, लिहीत राहिली. एक ओळ निसटली तेव्हा म्हणाली, "आजी, ही ओळ परत म्हण ना, माझी राहिली." आजीने ओळ परत म्हटली. मग स्वतःहून दुसरे गाणे काढले. मग तिसरे. सांजवात झाली तरी बैठक चालली होती. "माझी ओळ राहिली" या तीन शब्दांत जी दाद आहे, ती शंभर वाहवांत नाही. मुलीने आणलेल्या त्या वहीत तेवीस गाणी होती. त्यांतली बरीचशी त्या आजीच्या सुनेनेही कधी ऐकली नव्हती.

वाचक म्हणतील, गुरुजी, हे सगळे ठीक. पण उद्या कुणी समोर बसून गायले, तर म्हणायचे काय? तर माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली, जे बोलायचे ते त्या गाण्यातल्या एका जागेबद्दल बोलावे. "दुसऱ्या कडव्यात तुम्ही क्षणभर थांबलात ना, तिथे काटा आला" एवढे पुरे. शास्त्र कळण्याची अट नाही. कान जागा असण्याची आहे. रागाचे नाव चुकले तर हसे होते, पण "इथे काटा आला" हे कुणालाही खोडता येत नाही.

दुसरी, गळा ही देवाची देणगी आणि गाणे ही माणसाची मेहनत, हा भेद ओळखावा. "आवाज गोड आहे" हे "नाक सरळ आहे" म्हणण्यासारखेच. त्यात गाणाऱ्याचे कर्तृत्व काय? ज्याने वर्षभर पहाटे उठून खर्ज लावला, त्याला "तुमचा खालचा स्वर किती भरून येतो आता" असे सांगा. त्याच्या पहाटा फळाला येतील. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच जपावे. "तुझा गळाच गोड" ऐकून मोठी झालेली पोरे आवाज फुटण्याच्या वयात गोंधळून जातात. "मागच्या वेळी अडखळलास ती जागा आज सोडवलीस" असे ऐकलेला मुलगा पुढची अवघड जागा शोधायला लागतो.

तिसरी, दादेला शेपूट लावू नये. "छान होतं, पण..." मधला 'पण' आधीचे सगळे खाऊन टाकतो. सुधारणा सांगायची तर गुरूने सांगावी, मागितली तर मित्राने सांगावी, आणि तीही दुसऱ्या दिवशी. गाऊन उठलेल्या माणसाच्या अंगावरची कातडी त्या वेळी फार पातळ झालेली असते.

चौथी गोष्ट अवघड आहे. गाणे खरोखरच बरे झाले नाही तर काय करावे? दाद म्हणजे न्याय असेल, तर खोटी दाद म्हणजे लाच. ती देऊ नये. देणाऱ्याला वाटते खपली, पण घेणाऱ्याला मनातून ठाऊक असते. मात्र न्यायाधीशालासुद्धा प्रत्येक वादीच्या बाजूचे एखादे तरी खरे कलम सापडते. निवडलेले पद दुर्मिळ असेल, शब्दोच्चार स्वच्छ असतील, किंवा घसा बसलेला असूनही माघार घेतली नसेल. तेवढे खरे कलम शोधून सांगावे. काहीच नसेल तर पाणी पुढे करावे आणि "आणखी काय काय बसवलं आहे?" असे विचारावे. आपले गाणे पुन्हा ऐकायला कुणी तयार आहे, एवढ्यानेही नवशिक्या तगून जातो.

आणि ज्यांना दाद मिळते त्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत, कारण दाद घेता न येणे हाही आपल्याकडचा दोष आहे. कुणी मनापासून चांगले म्हटले की आपण लगेच, "छे हो, आज घसाच बसला होता," असे म्हणून त्याचा निकाल फिरवून टाकतो. बोलणारा बिचारा ओशाळतो. बालगंधर्व प्रेक्षकांना मायबाप म्हणत आणि त्यांची दाद हात जोडून घेत. तेवढी थोर विनम्रता सर्वांना जमणार नाही. पण "तुम्ही ती जागा ऐकलीत, फार बरं वाटलं" एवढे तर कुणालाही म्हणता येईल.

आता दिवाळी आली आहे. गावोगाव पहाटेच्या मैफली होतील, अत्तर लावून आपण पहिल्या रांगा धरू आणि नामवंतांना दाद देऊ. ती जरूर द्यावी. पण फराळाला जमलेल्या गोतावळ्यात कुठल्या तरी कोपऱ्यात एखादी मावशी करंज्यांच्या पातीला मुरड घालता घालता स्वतःशीच काही गुणगुणत असेल. तिला "मोठ्याने म्हण" असे सांगून लाजवू नका. हातातले ताट खाली ठेवा, जवळ जाऊन बसा आणि गाणे संपेपर्यंत बोलू नका. संपल्यावर त्यातली एखादी ओळ अडखळत म्हणून दाखवा आणि पुढची विचारा. तुमची चाल चुकली, तर ती सुधारून सांगेल. बहुतेक त्यानंतर ती दुसरे गाणे काढेल. तेव्हा घरात एखादी कोरी वही आणि पेन्सिल हाताशी असू द्या.